मत आपलं की उसनं?

वाचक विचारतात

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हापुन्हा दिसली: राजकीय प्रश्नावर बोलायला सगळेच तयार, पण आपलं मत खरंच आपण बनवलेलं आहे का, हे कळत नाही. त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत. नावं वगळली आहेत, गावं ठेवली आहेत.

नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, २००९ साली लागलेला. दीर खासगी कंपनीत. जुन्या पेन्शनचा विषय निघाला की ताटातलं अन्न गार होतं. मला दोघांचंही पटतं. म्हणजे मला मतच नाही का? (सांगली)

दोघांचंही पटतं, कारण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. एक कागद घ्या, त्यावर तीन रकाने आखा. पहिल्यात जे आहे ते, दुसऱ्यात जे होईल असं वाटतं ते, तिसऱ्यात जे व्हायला हवं असं वाटतं ते. मग दोघांची वाक्यं जशीच्या तशी उतरवा आणि योग्य त्या रकान्यात टाका.

पहिला रकाना वादाचा नाहीच. १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्र शासनाच्या सेवेत लागलेल्यांना सहसा जुनी योजना लागू नाही. जुन्या योजनेत शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मं पेन्शन आणि त्यावर महागाई भत्ता. त्यासाठी पगारातून कपात नाही. त्याजागी आलेल्या एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के कर्मचारी भरतो, १४ टक्के सरकार. वेतन आणि भत्ता मिळून ६०,००० रुपये होत असतील, तर खात्यात महिन्याला १४,४०० पडतात. निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेपैकी किमान ४० टक्क्यांचं वर्षासन, म्हणजे विमा कंपनीकडून नियमित मिळणारं पेन्शन, घ्यावं लागतं. महिन्याला किती येणार, हे बाजारावर आणि त्या वेळच्या व्याजदरावर. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं आपल्या कर्मचाऱ्यांसाठी तिसरी वाट काढली. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या एकीकृत योजनेत २५ वर्षं सेवा झाली असेल, तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या पेन्शनची हमी आहे. कर्मचाऱ्याची कपात मात्र सुरूच राहते.

खरी गडबड दुसऱ्या रकान्यात होते, आणि ती दोन्ही बाजूंनी होते. 'एनपीएसवाल्या अमक्या गुरुजींना महिन्याला दोन-अडीच हजार पेन्शन बसली' हे उदाहरण खोटं असेलच असं नाही. पण आजवर निवृत्त झालेले एनपीएसवाले हे उशिरा नोकरीला लागलेले, दहा-पंधरा वर्षंच हप्ते भरलेले लोक आहेत. तीस-तेहतीस वर्षं भरणाऱ्याचा हिशेब त्यांच्यावरून निघत नाही. आता दुसरी बाजू. दीर म्हणत असतील, 'पेन्शनवरचा खर्च बघा, आत्ताच केवढा आहे.' तो आकडा खरा असतो, पण तो जवळजवळ सगळा २००५ पूर्वी लागलेल्यांचा आहे. योजना बदला किंवा बदलू नका, तो द्यायचाच आहे.

तिसरं एक वाक्य हमखास येतं: 'राजस्थाननं २०२२ मध्ये जुनी योजना परत आणली, बुडालं का ते राज्य?' यातली मेख काळाची आहे. जुन्या योजनेकडे परतलं, की सरकारचा १४ टक्क्यांचा हप्ता लगेच थांबतो; म्हणजे पहिली काही वर्षं तिजोरीला उलट आराम पडतो. बोजा येतो तो ही मंडळी निवृत्त होऊ लागल्यावर. २००५ मध्ये पंचविशीत लागलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे २०३८ मध्ये निवृत्त होईल. दोन-तीन वर्षांच्या अनुभवावरून 'काही झालं नाही' किंवा 'वाट लागली' म्हणणं, दोन्ही घाईचं आहे.

आकडा स्वतः पाहायचा असेल, तर राज्याची आर्थिक पाहणी दर वर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर येते, मराठीतही असते. तीन ओळी शोधा: वेतन, निवृत्तिवेतन, व्याज. त्यांची बेरीज महसुली जमेशी ताडून पाहा. एकूण अर्थसंकल्पाशी ताडली तर टक्केवारी लहान दिसते, कारण त्यात कर्जाऊ पैसाही धरलेला असतो. कुणी टक्के फेकले, की 'कशाचे टक्के?' एवढंच विचारायचं.

राहिला तिसरा रकाना. बाजार पडला तर त्याची झळ कर्मचाऱ्यानं सोसायची की करदात्यानं? आणि त्या करदात्यांत तेल-साबणावर कर भरणारी, स्वतःला कसलंच पेन्शन नसलेली शेतमजूर बाईही धरायची का? याचं उत्तर आर्थिक पाहणीत मिळणार नाही. ते तुम्हीच द्यायचं. तिथं नवऱ्याशी जमेल आणि दिराशी नाही, किंवा उलटही. पण पहिल्या दोन रकान्यांसाठी ताटं गार करायचं कारण उरत नाही.

आम्ही नाशिककडचे. कांदा निर्यातबंदीला माझा ठाम विरोध आहे. पुण्यातली मैत्रीण म्हणते, तू घरचंच बोलतोस. माझं मत माझं आहे की घरचं, हे ओळखायचं कसं? (निफाड)

घरचं आहे म्हणून चुकीचं ठरत नाही. घरच्यांना तो माल ठाऊक आहे. तपासायचं ते हे, की मतामागची साखळी तुम्हाला सांगता येते का.

पद्धत अशी. आधी 'निर्यातबंदीचा परिणाम मला किती समजतो' याला दहापैकी गुण द्या आणि आकडा लिहून ठेवा. मग अधिसूचना निघाल्यापासून पुण्यातल्या भाजीवाल्याच्या टोपलीपर्यंत काय काय घडतं, ते एकेका वाक्यात लिहा. 'त्यामुळे भाव पडतो' असं एका उडीत चालणार नाही. कुणी काय केलं म्हणून पडला, ते हवं. अर्धा तास पुरे. शेवटी पुन्हा गुण द्या.

घटनाक्रम हाताशी असू द्या: ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबर २०२३ पासून बंदी, ४ मे २०२४ ला बंदी उठली पण टनाला किमान ५५० डॉलर निर्यातदर आणि ४० टक्के शुल्क राहिलं, सप्टेंबर २०२४ मध्ये किमान दर गेला, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ ला तेही संपलं.

लिहायला बसलात की तुमच्या बाजूची एक भक्कम गोष्ट सापडेल. डिसेंबरात लासलगावला येतो तो लाल कांदा. तो कांदाचाळीत साठवून टिकत नाही. टिकतो तो उन्हाळ कांदा, चार-पाच महिने. म्हणजे डिसेंबरातल्या बंदीला 'थांबतो, भाव आला की विकतो' हे उत्तर शेतकऱ्याकडे नसतं. मे महिन्यातली बंदी आणि डिसेंबरातली बंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरसकट 'बंदी वाईट' यापेक्षा हे मत कितीतरी दणकट आहे, आणि ते तुमचं आहे.

पण एक रिकामी जागाही सापडेल: बंदी नसती, तर त्या हिवाळ्यात किरकोळ भाव कुठवर गेला असता? मैत्रिणीचा मुद्दा तिथं उभा आहे. तिच्या साखळीतली रिकामी जागा दुसरी: घाऊक भाव जेवढा पडला, तेवढा तिच्या कोपऱ्यावरच्या दुकानात पडला का, आणि नसेल तर मधले पैसे कुठे गेले? कागदांची अदलाबदल करा. वाद तरी नवा होईल.

या युक्तीमागे संशोधन आहे, आणि त्याची पुढची हकिकतही सांगायला हवी. २०१३ मध्ये फिलिप फर्नबाख आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत लोकांना धोरणं अशीच पायरीपायरीनं समजावून सांगायला लावली. 'मला समजतं' याचे गुण घसरले, शिवाय टोकाची मतं सौम्य झाली, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला. गुण घसरले, मतं मात्र सौम्य झाली नाहीत. तेव्हा या पद्धतीकडून मनपरिवर्तनाची अपेक्षा धरू नका. आपल्याला काय माहीत नाही, ते कळतं, तेवढंच.

शिकलेली, हुशार माणसंच राजकारणात जास्त हटवादी का असतात? (ठाणे)

नेहमीच असतात असं नाही. पण हुशारी हे औषध नव्हे, हे खरं. येल विद्यापीठाच्या डॅन कहान यांच्या प्रयोगातला तक्ता पाहा. त्वचेवरच्या पुरळासाठी मलम लावलेल्यांपैकी २२३ जणांचं पुरळ कमी झालं, ७५ जणांचं वाढलं. न लावलेल्यांपैकी १०७ जणांचं कमी झालं, २१ जणांचं वाढलं. मलम चांगलं का?

२२३ मोठा दिसतो, म्हणून बरेच जण 'हो' म्हणतात. प्रमाण काढा: लावलेल्यांत ७५ टक्क्यांना बरं वाटलं, न लावलेल्यांत ८४ टक्क्यांना. मलम निरुपयोगी, किंबहुना घातकच. गणित बरं असणाऱ्यांना हे जास्त जमलं. मग हेच आकडे ठेवून विषय बदलला: सार्वजनिक ठिकाणी बंदूक लपवून बाळगण्यावर बंदी असलेली शहरं आणि तिथली गुन्हेगारी. आता गणित पक्कं असलेल्यांतच पक्षानुसार फट अधिक रुंदावली. उत्तर आपल्या बाजूचं दिसलं की ते तिथंच थांबले. विरुद्ध दिसलं की बसून प्रमाण काढलं. पुढच्या सगळ्या प्रयोगांत हा परिणाम एवढा ठळक आला नाही, तरी ओळखीचा वाटतो की नाही?

उपाय कंटाळवाणा आहे. बातमीतलं पक्षाचं किंवा नेत्याचं नाव खोडा, दुसरं घाला, आणि पुन्हा वाचा. राज्यपालांचा निर्णय, आमदारांचं पक्षांतर, निवडणुकीआधीची रोख मदत, छापा: नाव बदलल्यावर राग उतरला किंवा चढला, तर मत प्रसंगावर नव्हतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही खोड तुमच्या नावडत्या पक्षाच्या समर्थकांपुरती आहे असं वाटलं, तर चाचणी पुन्हा घ्या.

मतदान यंत्रांबद्दल मला खरंच काय मानावं कळत नाही. मित्र म्हणतात, कुंपणावर बसू नकोस. (कोल्हापूर)

कुंपण वाईट नाही. तिथं किती वेळ आणि काय करत बसलाय, यावर आहे. 'यंत्र हॅक होतं का?' हा प्रश्न एवढा ढोबळ आहे, की त्याला हो किंवा नाही म्हणणारे दोघेही फारसं काही सांगत नाहीत. तो असा फोडा: कुठल्या टप्प्यावर, किती यंत्रांत, आणि तो प्रकार कुठल्या तपासणीत सापडला असता?

एक तपासणी घेऊ. मत दिल्यावर व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद काचेआड दिसते. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१९ च्या आदेशापासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रात सोडत काढून निवडलेल्या पाच केंद्रांवरच्या या चिठ्ठ्या, म्हणजे पावत्या, मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडतात. पाच पुरे आहेत का? हिशेब मांडा. समजा एका मतदारसंघात ३०० केंद्रं आहेत आणि त्यातल्या ३० यंत्रांत गडबड आहे. पाचपैकी एकातही ती न सापडण्याची शक्यता ०.९ चा पाचदा गुणाकार, म्हणजे सुमारे ५९ टक्के. म्हणजे अर्ध्याहून अधिक वेळा सुटका. एका मतदारसंघापुरती ही तपासणी लंगडी आहे, हा आक्षेप रास्त आहे.

आता दावा राज्यव्यापी करा: शंभर मतदारसंघांत अशीच दहा टक्के यंत्रं. तपासली जाणार ५००. सगळ्यांतून सुटण्याची शक्यता काढली, तर दशांशचिन्हापुढे बावीस शून्यं येतात. दहाऐवजी एकच टक्का यंत्रं धरली, तरी सुटण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी. तीच तपासणी लहान घोटाळ्यापुढे दुबळी, मोठ्यापुढे फार जबर. केंद्रांची निवड खरोखर यादृच्छिक होते आणि मोजणी प्रामाणिक असते, हे मात्र यात गृहीत धरलं आहे. शंका असेल तर ती नेमकी तिथं मांडा.

२६ एप्रिल २०२४ च्या निकालात न्यायालयानं सगळ्या पावत्या मोजण्याची आणि मतपत्रिकेकडे परतण्याची मागणी फेटाळली. मात्र यंत्रांत उमेदवारांची चिन्हं भरण्याची उपकरणं निकालानंतर ४५ दिवस मोहोरबंद ठेवायला सांगितली आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून ५ टक्के यंत्रं तपासून घेण्याची सोय दिली. मतदार यादीतल्या नावांबद्दल किंवा संध्याकाळी वाढलेल्या टक्केवारीबद्दल शंका असेल, तर तिथं व्हीव्हीपॅट कामाचं नाही. तिथं मतदार यादी आणि नमुना १७-सी बघायचा. हा नमुना केंद्रावर पडलेल्या एकूण मतांचा हिशेब असतो आणि मतदान संपताना मतदान प्रतिनिधींना त्याची प्रत मिळते. मित्रांना विचारा, तुमच्या पक्षाच्या प्रतिनिधीनं ती घेतली होती का, आणि मोजणीच्या दिवशी ताडून पाहिली का. पुष्कळदा चर्चा इथं थबकते.

काका रोज फॅमिली ग्रुपवर काहीतरी टाकतात. खोडून काढलं की रुसतात. (नागपूर)

ग्रुपवर खोडू नका. चारचौघांत कुणीच माघार घेत नाही, काका तर नाहीतच. खासगीत एकच प्रश्न पाठवा, 'काका, हे मूळ कुठं आलंय?' आणि थांबा. त्यांचं म्हणणं खोडायचंच असेल, तर आधी ते तुमच्या शब्दांत असं मांडा की काका म्हणतील, 'हं, हेच म्हणतोय मी.' शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला उभं राहता येत नसे. आणि आठवड्याला एकच विषय. रोज तपासणी अधिकारी होऊन बसलात, तर तुम्हालाही म्यूट करतील.

स्वतंत्र विचार करायचा म्हणजे तज्ज्ञांचं ऐकायचं नाही का? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, पुणे)

ऐकायचं, पण कशाबद्दल ते बघून. गोष्ट कशी चालते, हे सांगण्यात तज्ज्ञ भरवशाचे असतात; पुढे काय होईल, हे सांगण्यात बरेच कमी. मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी १९८० च्या दशकापासून सुमारे वीस वर्षं २८४ जाणकारांची राजकीय भाकितं नोंदवली. दूरच्या भाकितांत बहुतेकांची मजल 'आहे तसंच चालेल' अशा साध्या नियमांच्या फार पुढे गेली नाही. एकाच मोठ्या सिद्धांतावर सगळं बेतणाऱ्यांपेक्षा चार ठिकाणचं थोडं थोडं जाणणारे, 'पण दुसरीकडे' म्हणणारे बरे ठरले. वाहिन्यांना ते फारसे चालत नाहीत, हा भाग वेगळा.

तुम्हाला स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर वहीत भाकितं टक्क्यांत लिहा. 'या अधिवेशनात हे विधेयक मंजूर होईल: ७० टक्के.' झालं, तर ०.७ आणि १ यातल्या फरकाचा वर्ग, म्हणजे ०.०९ दंड. नाही झालं, तर ०.४९. प्रत्येक वेळी ५० टक्के लिहिलं, तर दंड कायम ०.२५. तीसेक भाकितांची सरासरी ०.२५ च्या वर गेली, तर तुमचा आत्मविश्वास तुमचं नुकसान करतोय. भाकीत मोजता येईल असं हवं, तारखेसकट. 'वातावरण बदलेल' याला गुण देता येत नाहीत.

हे सगळं ठीक, पण नम्रतेच्या नावाखाली 'दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं' म्हणत बसायचं का? अन्यायापुढेही? (लातूर)

नाही. मधोमध उभं राहणं हीसुद्धा एक सवयच आहे, आणि तिला विचार करावा लागत नाही. घटनेच्या १७ व्या अनुच्छेदानं अस्पृश्यता नष्ट केली. त्यावर 'दुसरी बाजू' ऐकायची गरज नाही. पण शिष्यवृत्ती वसतिगृहाला द्यावी की थेट मुलाच्या खात्यात, कुठल्या मार्गानं मुलं शाळेत टिकतात, यावर मूल्य घट्ट धरूनही हात मोकळे ठेवता येतात. ध्येयावर ठाम असलेली माणसंच साधनाबद्दल जास्त चिकित्सक असायला हवीत. योजना फसली तर त्यांचंच जास्त जातं.

एक खूण सांगतो. 'काय दिसलं तर मी हे मत बदलेन?' याचं उत्तर एका वाक्यात लिहून पाहा. मूल्याबद्दल ते कोरं राहिलं तर हरकत नाही. योजनेबद्दल कोरं राहिलं, तर ती योजना तुमच्यासाठी योजना उरलेली नाही.

मूळ कागद वाचा म्हणता, पण निकाल चारशे पानांचे. सुरुवात कुठून करायची? (पणजी)

शेवटून. आदेशाचा भाग शेवटी असतो, तो दोन-चार पानांत आटोपतो. मग न्यायालयानं स्वतः काढलेले प्रश्न, मग त्यांची उत्तरं. वेगळं मत दिलेल्या न्यायमूर्तींचा भाग सोडू नका; निकाल तुमच्या मनासारखा असेल तर तोच आधी वाचा. आर्थिक दुर्बल घटकांच्या १० टक्के आरक्षणाचा ७ नोव्हेंबर २०२२ चा निकाल ३ विरुद्ध २ असा लागला. विरोधातले दोघे म्हणजे न्या. रवींद्र भट आणि तेव्हाचे सरन्यायाधीश उदय लळित. 'आर्थिक निकष चालतो की नाही' यापेक्षा 'गरीब असूनही अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांना यातून का वगळलं' हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. बातमीच्या मथळ्यावरून हे कळत नव्हतं.

विधेयक असेल तर आधी शेवटी जोडलेलं 'उद्देश व कारणे' वाचा, ते पान-दोन पानांचं असतं, मग वित्तीय ज्ञापन, म्हणजे खर्चाचा अंदाज, मग कलमं. समितीकडे गेलेलं असेल तर अहवालाच्या शेवटी सदस्यांच्या मतभेदाच्या नोंदी असतात. महिन्याला एक विषय एवढाच वेग ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांची मराठी भाषांतरं न्यायालयाच्याच संकेतस्थळावर मिळतात. समजून घ्यायला ती पुरतात. मात्र ती माहितीपुरती असतात, आणि शब्दाशब्दावर अडलात तर ग्राह्य इंग्रजी मजकूरच.